बाहेरून आलेल्या प्रजातीवर तिचाच शत्रू आणून सोडला तर?

कुतूहल: प्रश्न बाळबोध वाटेल पण विचारतेच. जलपर्णीसारखं काही नवीन जागी माजतं कारण तिथं त्याला खाणारं कोणी नसतं, असं वाचलं. मग मूळ ठिकाणचा शत्रू आणून सोडायचा ना सरळ, वर्षानुवर्षं उपटत आणि फवारत का बसतात लोक?

रानवाट: करून झालंय की! केन टोड हा मोठा विषारी बेडूक ऑस्ट्रेलियात १९३५ ला आणला तो उसातले भुंगे खायला, भुंग्यांचं काही वाकडं झालं नाही आणि याच्या विषाने याला खाणारे तिथले क्वोल (मांजराएवढे शिकारी प्राणी), घोरपडी मरायला लागल्या. हवाईत १८८३ ला उंदरांवर मुंगूस आणलं, उंदीर मुख्यतः रात्रीचे अन् मुंगूस दिवसाचं, मग त्याने पक्ष्यांची अंडीच साफ केली 🤦

फड्या: @रानवाट खरंय, पण त्यावरून सगळंच मोडीत काढू नका. टोड काय, मुंगूस काय, समोर येईल ते खाणारे. त्याच ऑस्ट्रेलियात फड्या निवडुंगाने प्रचंड जमीन गिळली होती, १९२६ पासून कॅक्टोब्लास्टिस पतंग सोडला, त्याच्या अळ्या निवडुंगच पोखरतात, थोड्याच वर्षांत बरीचशी जमीन मोकळी झाली. म्हणजे एकाच गोष्टीवर जगणारा किडा हवा आणि सोडायच्या आधी तो तिथल्या झाडांना तोंड लावतो का हे तपासायला हवं, यालाच वेळ जातो. आता गंमत बघा, तोच पतंग १९५७ ला कॅरिबियन बेटांवर नेला, तिथून १९८९ पर्यंत फ्लोरिडात पोचला, आणि तिकडे निवडुंग मूळचाच आहे! आता तिकडे त्या पतंगाला आवरायची धडपड चालू आहे.

जलपर्णीलाही निओकेटिना भुंगे आहेत, आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात त्यांचा उपयोग झाला. पण पाण्यात सांडपाणी आणि खतं येतच राहिली तर ती परत फोफावते, बियाही गाळात वर्षानुवर्षं टिकतात.

बेटवेडा: काढायचा क्रमही बघावा लागतो. ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिकाच्या मधल्या मॅक्वारी बेटावर समुद्रपक्षी वाचवायला २००० पर्यंत मांजरं संपवली, मग ससे वाढले (त्यांना मारायला सोडलेला व्हायरसही तोवर ढिला पडलेला) आणि उतारच्या उतार बोडके. शेवटी ससे, उंदीर, घुशी एकदम काढल्या, २०१४ ला बेट मोकळं जाहीर केलं. बेट होतं म्हणून जमलं, खंडावर विसरा.

कुतूहल: मग यायच्या आधीच अडवणं स्वस्त ना?

फड्या: कितीतरी. जहाजांच्या बॅलास्ट पाण्यातून (तोल राखायला तळाशी भरतात ते) झेब्रा शिंपले उत्तर अमेरिकेच्या ग्रेट लेक्समध्ये शिरले ते १९८८ ला सापडले, आणि ते पाणी शुद्ध करूनच सोडायचा जागतिक करार लागू झाला २०१७ ला. शिंपले अजून आहेतच तिथं.