ऑप्टोमेट्रीनंतर रेसिडेन्सी करावी की थेट नोकरी धरावी?

सप्रेम नमस्कार,

आमच्या मुलीला येत्या मे महिन्यात ऑप्टोमेट्रीची पदवी मिळेल. तिला पुढे वर्षभराची रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचे प्रत्यक्ष रुग्णांवरचे पगारी प्रशिक्षण, करायची आहे. परंतु डोक्यावर एवढे शैक्षणिक कर्ज असताना चालून आलेली नोकरी सोडून निम्म्याहून कमी पगारावर वर्ष काढणे मला शहाणपणाचे वाटत नाही. या व्यवसायातील सभासदांनी कृपया सल्ला द्यावा.

आपला,
न्यू जर्सीतील एक सभासद

---

काका, नमस्कार.

मी स्वतः कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) व कॉन्टॅक्ट लेन्स या विषयात रेसिडेन्सी केली आहे, तेव्हा माझे मत त्या बाजूला झुकलेले आहे हे धरूनच पुढचे वाचावे. आपल्या लोकांच्या डोळ्यांसमोर एमडीनंतरची रेसिडेन्सी असते, जिच्यावाचून नेत्रशल्यविशारद होताच येत नाही. ऑप्टोमेट्रीत ती ऐच्छिक असते. नेहमीची नेत्रतपासणी, चष्मे आणि साध्या लेन्स एवढेच करायचे असेल, तर तिच्यावाचून काही अडत नाही. शिकवायचे असेल किंवा माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करायचे असेल, तर मात्र तिचे वजन पडते.

केराटोकोनसच्या, म्हणजे कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे आलेल्या, रुग्णाला स्क्लेरल लेन्स (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकणारी मोठी लेन्स) घालताना ती सलाइनने काठोकाठ भरून, रुग्णाचा चेहरा जमिनीला समांतर ठेवून खालून वर न्यावी लागते; हात जरा कचरला की आत बुडबुडा राहतो आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते. पहिल्याच आठवड्यात एका आजोबांच्या डोळ्यात मी हे चारदा केले. कॉलेजच्या चार वर्षांत असे रुग्ण मला मोजून तीन मिळाले होते. रेसिडेन्सीत आठवड्याला तेवढे येत.

कर्जाचे व्याज चढते, हे खरेच आहे. मात्र कर्ज केंद्र सरकारचे असेल, रेसिडेन्सी सरकारी किंवा ना-नफा रुग्णालयात पूर्णवेळ असेल आणि तिने उत्पन्नानुसार हप्त्यांची पात्र योजना घेतली, तर त्या वर्षातले हप्ते सार्वजनिक सेवेच्या कर्जमाफीला लागणाऱ्या १२० हप्त्यांत धरले जाऊ शकतात. शिवाय मॅचचा, म्हणजे उमेदवार आणि रेसिडेन्सीची ठिकाणे यांच्या पसंतीक्रमांवरून जागा ठरवणाऱ्या पद्धतीचा, निकाल बंधनकारक असतो, म्हणून जिथे खरोखर जायचे नाही ते ठिकाण पसंतीक्रमात केवळ यादी भरण्यासाठी घालू नये.

एकट्याने रुग्ण तपासायची धास्ती वाटते म्हणून ती रेसिडेन्सी करणार असेल, तर माझा कौल नोकरीला आहे, कारण ती धास्ती नोकरीतही सहा महिन्यांत जाते. तिने कोणता विषय निवडला आहे हे आपण लिहिलेले नाही. तिलाच मला थेट लिहायला सांगावे.

आपली,
मंडळाची एक सभासद