१८५७ : बंडखोर शिपायांना माफी नेमकी कोणाला, कोणत्या अटींवर?

चावडीकर : व्हिक्टोरिया राणीच्या जाहीरनाम्याने (१ नोव्हेंबर १८५८) ‘सर्वांना माफी’ दिली असं सरसकट लिहिलेलं आढळतं. मग एप्रिल १८५९ मध्ये तात्या टोप्यांना फाशी कशी? आणि गव्हर्नर जनरल कॅनिंगला ‘क्लेमन्सी कॅनिंग’ (दयाळू कॅनिंग) म्हणून हिणवायचे, ते याच जाहीरनाम्यामुळे का?

बाडवाचक : नाही, ते टोपणनाव वर्षभर आधीचं. ३१ जुलै १८५७ ला कॅनिंगच्या सरकारने मुलकी अधिकाऱ्यांसाठी ठराव काढला. जून महिन्यात कायदे करून त्यांच्या हाती फाशीचे अधिकार दिले होते, ते बेफाम वापरले जात होते. हा त्यावरचा लगाम. पकडलेला शिपाई कोणत्या पलटणीचा, हा पहिला प्रश्न. पलटण बंडात नसेल आणि तो निःशस्त्र सापडला असेल, तर पलटण सोडून पळाल्याची शिक्षा मुलकी अधिकाऱ्याने द्यायची नाही. पलटणीकडे पाठवायचं किंवा कैदेत ठेवायचं. पलटणीने बंड केलं पण रक्तपात केला नाही, तर अशा निःशस्त्र शिपायाला अलाहाबादला किंवा सरकार सांगेल तिथे लष्कराच्या हवाली करायचं. अधिकाऱ्यांचे खून करणाऱ्या पलटणीतला असेल तर मात्र मुलकी अधिकारी खटला चालवून शिक्षा देऊ शकत. तिथेही एक खिडकी होती : आपण त्या वेळी हजर नव्हतो किंवा खून थांबवायला झटलो असं त्याने दाखवलं, तर शिक्षा अमलात आणण्याआधी सरकारला कळवायचं.

ही खिडकी कागदावरच मोठी. पलटण फुटलेली, साक्षीदार पांगलेले. तो पुरावा आणणार कुठून? शिवाय ठराव होता मुलकी अधिकाऱ्यांपुरता. एवढ्यावरही कलकत्त्यातले गोरे खवळले आणि त्यातूनच ते टोपणनाव पडलं, हे विशेष.

गंजीफा : आता जाहीरनामा. त्यात तीन थर आहेत. ब्रिटिश प्रजाजनांच्या खुनात प्रत्यक्ष भाग घेतलेल्यांना माफी नाही. खुन्यांना जाणूनबुजून आसरा देणारे आणि बंडाचे पुढारी किंवा चिथावणीखोर यांना फक्त जीवदानाची हमी, शिक्षा टळेलच असं नाही. उरलेल्या सशस्त्र लोकांना बिनशर्त माफी, पण १ जानेवारी १८५९ च्या आत घरी परतून आपापल्या कामधंद्याला लागलं तरच. म्हणजे जेमतेम दोन महिने, आणि तेही अवध-बुंदेलखंडात फौजा फिरत असताना.

मधला थर सगळ्यात घातक. ‘पुढारी’ कोण, हे ठरवणार सरकारच. अवधच्या बेगम हजरत महलने प्रतिजाहीरनामा काढून नेमकं इथेच बोट ठेवलं : सगळं लिहिलंय आणि काहीच लिहिलेलं नाही.

वेळेत आलेल्यांना फायदा झालाच. बांद्याचे नवाब अली बहादूर (बाजीराव-मस्तानीचे वंशज) नोव्हेंबर १८५८ मध्ये शरण आले. त्यांना वर्षाला ३६,००० रुपये तनखा मिळाला आणि इंदूरला ठेवलं. तात्या मुदतीनंतरही लढत राहिले. ७ एप्रिलला दग्याने पकडले गेले, शिवपुरीत लष्करी न्यायालयापुढे उभे राहिले आणि १८ ला फाशी. आरोप खुनाचा नव्हताच, सरकारविरुद्ध युद्ध केल्याचा होता. आपण धन्याच्या हुकमाने लढलो हा त्यांचा बचाव चालला नाही.

तळटीप : तुलनेसाठी अमेरिकेचं यादवी युद्ध बघा. तिथे बंडखोर नव्हे, पळालेले शिपाई होते, पण यंत्रणा तीच : माफी आणि तारीख. लिंकनने १० मार्च १८६३ ला जाहीर केलं, १ एप्रिलपर्यंत हजर व्हा. गैरहजेरीचा पगार-भत्ता बुडेल, बाकी शिक्षा नाही. ११ मार्च १८६५ च्या घोषणेत ६० दिवस दिले, पण उरलेली मुदत आणि बुडवलेला काळ दोन्ही भरून काढायचे; न आल्यास नागरिकत्वाचे हक्क जाणार. लिंकनला माणसं रेजिमेंटमध्ये परत हवी होती. कॅनिंगला तीच माणसं पलटणीत नको होती, हत्यार टाकून गावी गेलेली हवी होती.

चावडीकर : म्हणजे तात्यांच्या बाबतीत तारीखच आडवी आली?

गंजीफा : तारीख पाळली असती तरी ‘पुढारी’ शब्द होताच. जीव वाचला असता, सुटका नाही.