प्रतिसाद: गवताळ प्रदेशातला संपादक

कुणीतरी म्हटलंय की कझाक खेड्यातला पत्रकार म्हणजे पेरणी-कापणीचे आकडे छापणारा. सोव्हिएत काळातल्या तालुका-पत्रांबाबत ते बरंचसं खरं. पण त्याआधीचे अहमेत बायतुर्सिनूली बघा. आजच्या कझाकस्तानातल्या तुर्गाईच्या गवताळ प्रदेशात जन्म, लहानपणीच वडील सैबेरियात हद्दपार, मग खेड्यापाड्यांत मास्तरकी. १९१३ मध्ये रशियातल्या ओरेनबर्ग शहरातून साप्ताहिक काढलं, नाव 'कझाक'. हे नाव साधं नव्हे बरं का! रशियन सरकार या लोकांना 'किरगीझ' म्हणायचं. म्हणजे मथळ्यातच भांडण. जमिनी बळकावणं, शाळा, भाषा, सगळ्यावर लिहिलं. त्याआधी अरबी लिपी कझाक उच्चारांना जुळेल अशी सुधारली, तीही त्यांनीच. १९१८ मध्ये पत्र बंद पडलं, १९३७ मध्ये त्यांना गोळी घातली. सहसंपादक मिर्जाकिप दुलातूली १९३५ मध्ये सोव्हिएत कैद्यांच्या छावणीतच वारले.

आणि लिपीचं काय झालं? १९२९ मध्ये लॅटिन, १९४० मध्ये सिरिलिक. एकाच हयातीत तीन लिप्यांत बातम्या लिहायच्या, ही कल्पनाच मला झेपत नाही. आपल्याकडे मोडी जाऊन बाळबोध आली, पण ती निदान सावकाश.