एन्हान्सरला 'स्विच' म्हणणं आता पुरे

गिरगावकर_मास्तर: बीएस्सीच्या वर्गात फळमाशी शिकवत होतो. फळमाशी म्हणजे आपल्या केळ्यांवर घोंघावणारं चिलट. एका मुलीने विचारलं, "सर, डोळ्यात आणि पायात डीएनए तोच, मग माशीच्या पायाला डोळा का फुटत नाही?" मी सवयीने म्हणालो, जनुकाजवळ एन्हान्सर नावाचे डीएनएचे तुकडे असतात, ते स्विचच; ऊतीप्रमाणे जनुक चालू-बंद करतात. घरी येताना ट्रेनमध्ये स्वतःचाच राग आला. 'इव्हन-स्किप्ड' जनुकाचे भ्रूणावर सात पट्टे उमटतात. त्यातल्या दुसऱ्या पट्ट्याचा एन्हान्सर डीएनएच्या जेमतेम ४८० अक्षरांचा. बायकॉइड आणि हंचबॅक ही प्रथिनं म्हणतात 'चालू करा'. पुढच्या बाजूने जायंट नावाचं प्रथिन अडवतं, मागच्या बाजूने क्रुपेल नावाचं. या ओढाताणीत मधली जी चिंचोळी जागा सुटते, तिथेच पट्टा. याला बटण म्हणायचं? ही तर सोसायटीची जनरल बॉडी!

पेट्रीडिश: मास्तर, नाही पटलं. लॅबमध्ये आमचं पोट या स्विचवरच चालतं. ब्रँड आणि पेरिमॉन यांनी १९९३ साली माशीत गाल-फोर पद्धत आणली. गाल-फोर म्हणजे यीस्टमधलं, जनुक चालू करणारं प्रथिन. एन्हान्सरचा तुकडा कापून गाल-फोरपुढे जोडा, तो आपल्याच ऊतीत गाल-फोर बनवतो आणि मग तिथे हवं ते जनुक चालवता येतं. माशीला गडद रंग देणारं 'यलो' जनुक घ्या. पंखाचा एन्हान्सर वेगळा, शरीराचा वेगळा. एक बिघडला तरी दुसरा आपलं काम करतो. बटण अजून कसं असतं?

गिरगावकर_मास्तर: बटण अर्धं-अर्धं जोडून बघा ना. २००० साली त्याच दुसऱ्या पट्ट्याचे एन्हान्सर दोन जातींच्या माश्यांतून घेतले. अख्खे वापरले तर दोन्ही चोख. अर्धा हिचा, अर्धा तिचा जोडला, तर पट्टा बिघडला. आईची आमटी छान, सासूबाईंचीही छान, म्हणून दोघींचा मसाला निम्मा-निम्मा घालून बघा एकदा.

पेट्रीडिश: आमटी घरी करून मग कळवतो. पण तुमच्या बदलांनी जे बिघडलं ते आतलं वायरिंग. वापरणाऱ्याला बटणच दिसतं.

कुलाबा_लास्ट_स्टॉप: दोघेही त्या मुलीला विसरलात. पायाला डोळा फुटला होता की! १९९५, स्वित्झर्लंडमधलं बाझेल, जीवशास्त्रज्ञ गेरिंग यांची प्रयोगशाळा. डोळा घडवायला लावणारं 'आयलेस' जनुक भलत्या जागी चालवलं, तर पायावर, पंखांवर, शृंगिकांवर डोळे उगवले. म्हणजे करामत त्या जनुकाच्या प्रथिनाची. एन्हान्सरने फक्त जागा ठरवली.

पेट्रीडिश: आणि भलत्या जागी चालवलं कशाने? गाल-फोरने. माझाच मुद्दा!

कुलाबा_लास्ट_स्टॉप: मान्य, अर्धा. (अवांतर: माश्यांवरून भांडायचा हक्क मुंबईला आहेच. आमच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) १९६२ साली रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू करणाऱ्या ओबेद सिद्दिकींनी पुढे याच माश्यांच्या वास-चवीवर काम केलं.)

गिरगावकर_मास्तर: सोमवारी तिला सांगतो, फुटला होता म्हणून. आणि फळ्यावरचा 'स्विच' पुसतो.

पेट्रीडिश: पुसा. त्या जागी लिहिणार काय? 'जनरल बॉडी' लिहिलंत तर परीक्षक मार्क कापतील, मुलीचे.