फिलाडेल्फियाची कॉन्फरन्स, एडिसनची मैत्रीण आणि एक रविवार

विषय: ऑक्टोबरात फिलाडेल्फिया, जोडून दोन दिवस
प्रेषक: मृ., कोलंबस

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरच्या मध्यात मला फिलाडेल्फियाला कॉन्फरन्स आहे, बुधवार ते शनिवार दुपार. मी हॉस्पिटलमध्ये फार्मासिस्ट आहे आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या स्वतःच्या कामाचं पोस्टर तिथे लागतंय. सासूबाई सध्या इथे आहेत, त्यामुळे सोमवारपर्यंत थांबले तरी घरचं अडणार नाही.

न्यू जर्सीतल्या एडिसनला माझी पुण्याच्या हॉस्टेलमधली रूममेट राहते. एका देशात राहून चौदा वर्षं आमची भेट नाही. गेल्या वर्षी तिची आई गेली, तेव्हाही फक्त फोनवर बोलणं झालं. ते मनाला लागून राहिलंय. फिलाडेल्फिया बघायचंय, न्यूयॉर्क बघायचंय, तिला भेटायचंय. पण यादी करायला बसले की पोस्टर मागे पडतंय असं वाटतं, आणि पोस्टर उघडलं की ती आठवते. कुणी हे नीट जमवलं असेल तर कसं, ते सांगाल का?

मृ.

---

प्रेषक: वि. काकू, क्लीव्हलँड

प्रिय मृ., अनेक आशीर्वाद. पहिल्या पोस्टरचं मनापासून कौतुक.

मी तीस वर्षं लहान मुलांची डॉक्टर होते आणि बहुतेक दर वर्षी एक कॉन्फरन्स केली. त्यातून शिकलेली गोष्ट आधी सांगते. दोन सेशनच्या मधल्या वेळात गाव बघायला जाऊ नकोस. मी एकदा गेले होते. धावतपळत म्युझियम गाठलं आणि परत येते तो माझ्या पोस्टरपाशी एक चिठ्ठी. ज्यांचे पेपर वाचून मी ते काम हाती घेतलं, त्या बाई येऊन, थांबून, निघून गेल्या होत्या. त्यांची माझी भेट पुढे कधीच झाली नाही.

तेव्हा शनिवार दुपारपर्यंत तू पूर्ण कॉन्फरन्सची. जेवायला मात्र रोज कन्व्हेन्शन सेंटरसमोरच्या रेडिंग टर्मिनल मार्केटमध्ये जा, रस्ता ओलांडला की आलंच. १८९३ सालचं मार्केट आहे. त्याच्या वर पूर्वी रेल्वे स्टेशन होतं आणि गाड्यांची ती अवाढव्य शेड आता कन्व्हेन्शन सेंटरचाच हॉल झाली आहे. आमिश लोकांच्या (जुन्या, साध्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती पंथ) दुकानात प्रेट्झेल, म्हणजे गाठीच्या आकाराचा पाव, डोळ्यांदेखत वळतात आणि गरम असतानाच लोणी लावून हातात देतात. आर्ट म्युझियम शुक्रवारी संध्याकाळी उशिरापर्यंत उघडं असतं, सेशन संपल्यावर तिथे जा. मदुराईच्या मंदिरातला सोळाव्या शतकातला मंडप तिथे उभा केला आहे. परदेशात त्या खांबांमध्ये उभं राहिलं की गलबलून येतं. न्यूयॉर्क या खेपेला सोडून दे.

आता मैत्रीण. तिच्या घरी दोन दिवस राहिलीस तर काय होईल ते मला इथूनच दिसतंय. ती ओट्यापाशी, तू मागे स्टुलावर. मध्येच मुलांचे क्लास, कुणाचा तरी चहा, संध्याकाळी ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांत खरेदी. पाहुणचार होईल, पण बोलणं राहून जाईल. तिची आई गेली आहे. तिला कुणीतरी घरातून बाहेर काढून शेजारी बसवायला हवं.

रविवारी तिला घेऊन पोकिप्सीला जा. न्यूयॉर्कच्या उत्तरेला हडसनकाठचं हे गाव. तिथल्या दफनभूमीत आनंदीबाई जोशींच्या अस्थी आहेत.

तू पोस्टर घेऊन जिथे उभी राहणार, त्याच गावात त्या शिकल्या. विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनियातून ११ मार्च १८८६ ला एम.डी. झाल्या. प्रबंधाचा विषय हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. पदवीदानाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून आल्या होत्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या वॉर्डची नेमणूक झाली, पण ते काम करणं नशिबात नव्हतं. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने गेल्या, बाविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं. ज्या थिओडिशिया कार्पेंटर बाईंनी त्यांना अमेरिकेत घर दिलं, ज्यांना त्या मावशी म्हणत, त्यांच्याकडे अस्थी आल्या आणि कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत विसावल्या. शाळेत धडा म्हणून वाचलेली बाई तिथे खरी होते.

न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनहून मेट्रो-नॉर्थ रेल्वेची हडसन लाइन घ्या, शेवटचं स्टेशन पोकिप्सी. दोनेक तास लागतात. जाताना डावीकडच्या खिडकीशी बसा, नदी जवळजवळ सगळी वाट सोबत असते. कारने नका जाऊ. एकीचं लक्ष रस्त्यावर राहतं आणि बोलणं पुन्हा अर्धवट. दफनभूमी स्टेशनच्या दक्षिणेला रूट ९ वर आहे. जागा मोठी आहे, तेव्हा शुक्रवारीच फोन करून नेमकं ठिकाण विचारून ठेव.

वेळ उरला तर हडसनवरच्या जुन्या रेल्वे पुलावर जा. १८८९ चा पूल, १९७४ च्या आगीनंतर पडून होता. २००९ पासून पायी चालणाऱ्यांसाठी खुला आहे. दोन किलोमीटर लांब, पाण्यापासून २१२ फुटांवर.

तुझी,
वि. काकू

---

प्रेषक: स., प्रिन्स्टन

काकूंच्या बेतात रेल्वेची आणि पैशांची भर घालतो.

मृ. ताई, कन्व्हेन्शन सेंटरला लागूनच जेफरसन स्टेशन आहे. तिथून सेप्टाची, म्हणजे फिलाडेल्फियाच्या लोकलची, ट्रेंटन लाइन, ट्रेंटनला उतरून न्यू जर्सी ट्रान्झिटची लोकल, आणि थेट एडिसन. लांब पल्ल्याच्या ॲमट्रॅक गाडीपेक्षा पुष्कळ स्वस्त. परतीचं विमान न्यूअर्कहून घ्या, विमानतळाचं स्टेशन त्याच लाइनवर आहे. फिलाडेल्फियाला परत यायचा हेलपाटा वाचेल.

तिकीट बुक करण्याआधी या बेताला ऑफिसकडून लेखी होकार घ्या. फिलाडेल्फियाच्या साध्या परतीच्या तिकिटाचा त्या दिवशीचा दर जपून ठेवा. तुमचं तिकीट महाग पडलं तर वरचा फरक तुमचा. शनिवारनंतरच्या मुक्कामाचा आणि जेवणाचा एक डॉलरही त्या हिशेबात घालू नका. एवढं चोख ठेवलं की पुढच्या वर्षी विचारताना मान खाली घालावी लागत नाही.

आणि पोस्टर कापडावर छापून घ्या. घडी घालून पिशवीत जातं, ती लांब नळी तीन गाड्यांतून सांभाळत बसावी लागत नाही.

स.

---

विषय: जाऊन आले
प्रेषक: मृ., कोलंबस

काकू, स. दादा आणि सगळ्यांनाच नमस्कार,

आधी पोस्टर. इंग्रजी न येणाऱ्या पेशंटला घरी पाठवताना औषधं कशी समजावायची, हा विषय होता. सकाळ, दुपार, रात्र अशी चित्रं काढून आम्ही एक तक्ता केलाय. शुक्रवारी दोन तास मी जागची हलले नाही. एक वयस्कर नर्स आल्या, तक्त्यावर बोट ठेवून प्रत्येक चित्र वाचलं आणि म्हणाल्या, सूर्य मावळताना आणि उगवताना सारखाच दिसतोय, पेशंट फसेल. वर्षभर आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी म्युझियमला पळाले असते तर ते मला कळलंच नसतं. काकू, तुमचे उपकार.

रविवारचं सांगते. नुकतीच आई गेलेल्या मुलीला दफनभूमीत न्यायचं का, हे माझं शनिवारी रात्रीपर्यंत ठरत नव्हतं. शेवटी तिलाच विचारलं. ती म्हणाली, "चल. आनंदीबाईंची गोष्ट मला आईनेच सांगितली होती."

सकाळी तिने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली, अगदी एसटीने जायच्या तयारीने. अंगणातल्या कुंडीतली पिवळी शेवंती कापून ओल्या कागदात गुंडाळली. गाडीत आम्ही तुम्ही सांगितलेल्या बाजूला बसलो. पलीकडचे डोंगर लाल झाले होते. पण जाताना ती फारसं बोलली नाही.

जागा सापडायला वेळ लागला, फोनवर विचारून ठेवलं होतं तरी. दगडावर नाव, पुढे एम.डी., खाली १८६५ ते १८८७. आणि त्याखाली, शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, असं इंग्रजीत कोरलेलं. तो जातीचा शब्द आम्हा दोघींनाही खटकला. तिथे नुसतं 'डॉक्टर' पुरेसं होतं. मैत्रिणीने ओळीवरून बोट फिरवलं, शेवंती खाली ठेवली आणि म्हणाली, "घरचं कुणी सोबत नसताना ही बोटीत बसली तेव्हा अठराची होती. माझी लेक अठराची आहे. रटगर्स विद्यापीठात पोचल्याचा फोन दहा मिनिटं उशिरा आला तरी मी येरझारा घालते."

मग बराच वेळ गप्प होती. नंतर म्हणाली, "हिच्या अस्थी तिकडून इतक्या लांब मावशीकडे आल्या. आणि मी इथून पोचेपर्यंत भावाने आळंदीला सगळं उरकलं होतं. मला हातसुद्धा लावता आला नाही गं."

चौदा वर्षांतल्या कुठल्याच फोनवर ती असं बोलली नव्हती. मला काही सुचलं नाही. मी नुसती जवळ बसून राहिले.

पुलावर गेलो. वारा इतका होता की ओढण्या गळ्याशी गाठ मारून बांधाव्या लागल्या. मधोमध थांबून दशम्या खाल्ल्या. परतीच्या गाडीत या वेळी नदी उजवीकडे होती. तिने खिडकी घेतली आणि आईच्या शेवटच्या आठवड्याबद्दल सांगायला लागली. हॉस्पिटल, व्हिडिओ कॉल, तिकीट न मिळणं, सगळं. ग्रँड सेंट्रल आलं तरी तिचं सांगून झालं नव्हतं. म्हणून घरी जायची ठरलेली ट्रेन सोडून दिली आणि खालच्या मजल्यावर खाण्याच्या दुकानांपाशी एका टेबलाशी बसलो. तिच्या घरी पोचायला साडेदहा वाजले. तिच्या नवऱ्याने वरणभात लावून ठेवला होता.

मृ.