गवताच्या फुलोऱ्यात शिंका येतात, तर बी पोलन खावं का?

रानजाई: जिममधले सर म्हणतात, रोज दोन चमचे बी पोलन, म्हणजे मधमाश्यांनी गोळा केलेला फुलांचा पराग, दह्यात घाला, प्रोटीन मिळेल. पण पावसाळा सरताना गवत फुललं की मला सटासट शिंका येतात, डोळे चुरचुरतात. तरी घेऊ का? सासूबाईंनाही द्यायचा विचार आहे. त्या रक्त पातळ करायची वॉरफरिन घेतात.

पेटीवाला: ताई, तुम्ही घेऊ नका आणि सासूबाईंना तर अजिबात देऊ नका. परागाची अॅलर्जी असलेल्यांना चिमूटभर पोलननेही घसा सुजून श्वास अडकल्याचे प्रकार घडलेत. वॉरफरिनसोबत घेतल्यावर रक्त जास्तच पातळ झाल्याचीही नोंद आहे.

मी मेलिफेरा या परदेशी जातीच्या मधमाश्यांच्या पेट्या सांभाळतो, पोलन विकतोही. पेटीच्या दाराशी भोकांची पट्टी लावतो, भोक जेमतेम ५ मिमीचं. माशी त्यातून अंग चोरून आत शिरते आणि मागच्या पायांवरचे गोळे निसटून खालच्या ट्रेमध्ये पडतात. मोहरीचे पिवळेधमक, सूर्यफुलाचे नारिंगी. पण हे पेटीतल्या पिलाव्याचं, म्हणजे वाढत्या अळ्यांचं, अन्न आहे, म्हणून पट्टी काही दिवसच ठेवतो, मग काढतो. सातेरीला, म्हणजे आपल्या देशी मधमाशीला, लावतच नाही, ती रुसली की पेटी सोडून जाते.

ताजा पराग ओलसर असतो, दोन दिवसांत बुरसतो. तेव्हा कुणी घेणारच असेल तर दाणे कोरडे, सुटे बघून घ्या. हाताला चिकटत असतील किंवा आंबूस वास येत असेल तर नको.

कोकणकन्या: पेटीवाले दादा, अॅलर्जी नसलेल्यांनी किती घ्यावं?

पेटीवाला: पहिल्या दिवशी दोन-चार दाणे. काही त्रास नाही झाला तर हळूहळू चमचाभर. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी टाळावं. लहान मुलांना देऊ नये.

डाळभात: प्रोटीनसाठी एवढे पैसे कशाला? परागात साधारण पाचवा हिस्सा प्रोटीन, तेही फुलाफुलागणिक बदलतं. दोन चमचे म्हणजे १५ ग्रॅम धरले तर ३ ग्रॅम प्रोटीन. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत ७ ग्रॅमच्या वर. शिवाय परागकणाचं बाहेरचं कवच इतकं चिवट असतं की बराचसा भाग न पचताच जातो.

रानजाई: मग शेंगदाणेच. सासूबाईंना आजच सांगते. पेटीवाले दादा, मध तरी चालेल ना मला?

पेटीवाला: मधातही थोडा पराग असतोच. आजवर मध खाऊन काही झालं नसेल तर चालेल, पण एकदा अॅलर्जीच्या डॉक्टरांना विचारा.