'शिक्षा' मराठीने बिघडवली म्हणे!

शब्दखुळा:
काल एकांनी लिहिलं की 'शिक्षा' हा एवढा पवित्र संस्कृत शब्द, हिंदी-बंगालीने विद्या या अर्थाने जपला आणि मराठीने त्याला छडी चिकटवली, म्हणजे आपली भाषाच रांगडी. वाचल्यापासून डोक्यात जातंय. अहो, धातू शक्, त्याचं इच्छार्थक रूप शिक्ष्, म्हणजे 'आपल्याला जमावं' अशी इच्छा धरणं. त्यात शाळाही नाही नि छडीही नाही. वेदांगातली शिक्षा म्हणजे उच्चारशास्त्र, तैत्तिरीय उपनिषदात शीक्षेची व्याख्या सुरू होते तीच वर्ण, स्वर, मात्रा अशी. मग हिंदीने तरी मूळ अर्थ कुठे जपला? आणि दंड हा अर्थ काय एकट्या मराठीचा आहे? कन्नड शिक्षे, तेलुगू शिक्ष, मल्याळम शिक्षा, सगळीकडे दंडच. मल्याळममध्ये पीनल कोडला शिक्षानियमम् म्हणतात. हे सगळे रांगडे का?

सरळरेघ:
यादी दिलीत, मुद्दा टाळलात. शिकवणं आणि मारणं एकाच शब्दात मावतं ते का, हे बोला की. सहावीत हिंदीच्या पेपरात 'शिक्षा का महत्त्व' निबंध आला, मी दीड पान अंगठे धरून उभं राहणं, वर्गाबाहेर काढणं, पट्टी उभी धरून मारणं यावर लिहिलं. सरांनी शून्य दिलं, वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं, वर दोन छड्या. आजही तो शब्द दिसला की तळहात आठवतो.

सीमेपलीकडची:
आमच्या घरात मराठी नि कन्नड दोन्ही बोलतात, शिक्षे म्हटलं की दंड, शिक्षण म्हणजे शिक्षण, गोंधळ नाहीच. गोंधळ सरकारने केला. 2001 ला 'सर्व शिक्षा अभियान' आलं तेव्हा कर्नाटकाने 'सर्व शिक्षण अभियान' करून घेतलं, महाराष्ट्राने जसंच्या तसं भिंतींवर रंगवलं. एक 'ण' घालायला काय जात होतं?

निवृत्त मास्तर:
ताई, माझ्या शाळेच्या भिंतीवर ते नाव माझ्यासमोर रंगवलं गेलं. पेंटरने मला विचारलं, गुरुजी, हे बरोबर आहे ना? मी म्हटलं, परिपत्रकात तसंच आहे, रंगव. त्याला जे खटकलं ते वर कोणालाच खटकलं नाही. 2018 ला नाव बदललं, तर 'समग्र शिक्षा'! आणि राज्यात ती राबवते कोण, तर महाराष्ट्र प्राथमिक शिक्षण परिषद. म्हणजे परिषदेला 'शिक्षण' कळतं, योजनेला नाही.

सरळरेघ:
झालं, आता हिंदीद्वेष सुरू. केंद्राची योजना आहे, देशभर एकच नाव असणार. मी विचारलं काय नि चाललंय काय.

निवृत्त मास्तर:
द्वेष काढू नका मध्ये. हिंदीत 'शिक्षा' बरोबरच आहे, मराठीत चूक आहे, एवढंच म्हणतोय. पस्तीस वर्षं पोरांना हाच फरक शिकवत होतो मी.

शब्दखुळा:
@सरळरेघ, उत्तर देतो, चिडू नका. शिकवणं-दंड ही जोडी संस्कृतातच आहे. शास् म्हणजे शिकवणं, हुकूम चालवणं आणि दंड देणंही. शिष्य त्यातलाच, शास्त्र त्यातलंच, शासनही. ग्रीकमध्ये पायदेया म्हणजे शिक्षण, पण त्याच कुळातलं क्रियापद पायदेवो आजच्या ग्रीकमध्ये 'छळणं' या अर्थाने चालतं. आपण 'चांगला धडा शिकवीन' म्हणतो तेव्हा पुस्तक उघडतो का? तुमचे सर वाईट वागले, त्याचं खापर मराठीवर फोडू नका.

सीमेपलीकडची:
म्हणजे शब्द बिघडला नाही, माणसं शिकवताना मारत आली म्हणून तो तिकडे सरकला. हेच सरळरेघ म्हणत होते की.

शब्दखुळा:
बरं, तेवढं मान्य. पण एकट्या मराठीला रांगडी म्हणायचं नाही.

सरळरेघ:
रांगडी मी म्हटलंच नव्हतं, ते कालचे महाशय. ग्रीकचं पटलं. 'ण' चंही पटलं, मास्तर. पण मला शून्य दिलं ते चूकच होतं. निबंध मराठी डोक्याने लिहिला होता आणि त्यातलं एक वाक्यही खोटं नव्हतं.